कावळ्याला दिलेला शब्द

दत्ता, बारामतीत स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. ‘पर्यावरणप्रेमी दत्तात्रय यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ तुझा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, बाकीची माणसं कापून काढलेला, तळहाताएवढा. त्याच्या शेजारी तुझ्या कारखान्याचे मालक आप्पासाहेब हात जोडून उभे, तुझ्या दुप्पट. मी अंथुर्ण्याच्या गाडीची वाट बघत त्याच्याखालीच थांबले होते. एका बाईनं दुसरीला विचारलं, कोण गेलं गं? तिनं वर बघितलं आणि आप्पासाहेबांकडं बोट करून म्हणाली, हे वाटतं. मला हसूच फुटलं, आणि मग माझा मलाच राग आला.

पर्यावरणप्रेमी म्हणे. अरे, तू जन्मात एक झाड लावलं असशील तर शपथ. दारातला कढीपत्तासुद्धा तुझ्या बायकोनं, सुनंदानं लावलेला, आणि त्याला पाणी घालायचं म्हटलं की तुला फोन यायचा. प्रेमबिम काही नव्हतं तुझ्यात. तुझ्यात चीड होती. चांगली वस्तू कुणी फेकून दिली की तुझ्या कपाळाची शीर उडायची.

ती आईची देणगी. लोणी भापकरला आपल्या लहानपणी पाणी होतंच कुठं? आई आपल्याला परातीत बसवून अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतायची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं पाणी शेवग्याला. मी एकदा रागानं बादली अंगणात उपडी केली तर तिनं मला अशी बदडली की बस. तू कोपऱ्यात उभा राहून खुदुखुदु हसत होतास. पुढं तू कारखान्यात लागलास आणि मला तुमचं ते ॲसिडचं प्रकरण समजावून सांगताना म्हणालास, “ॲसिड मेलेलं नसतं, अक्का. नुसतं मळलेलं असतं.” मला तेव्हा आईच बोलतेय असं वाटलं. तुला मात्र मी म्हटलं, गप, लई शहाणा झालायस.

तारेचा कारखाना. तारेवरचा गंज निघावा म्हणून तिची वेटोळी गंधकाच्या ॲसिडात बुडवायची. लोखंड खाऊन खाऊन ॲसिड दमतं, हिरवट होतं, मग कामाचं राहत नाही. मग टँकर यायचा आणि घेऊन जायचा. कुठं? ते विचारायचं नाही. तुमच्याकडं गेटावरच्या वॉचमनपासून आप्पासाहेबांपर्यंत सगळ्यांना एवढं एक पाठ होतं, विचारायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आमच्या वड्याच्या पाण्याला सगळं ठाऊक होतं. अंथुर्ण्याच्या पुलाखाली टँकर उभा राहायचा, पाइप सोडायचा आणि निघून जायचा. वड्याकडेचा ऊस शेंड्याकडनं करपायला लागला. विहिरीतल्या मोटरीला भोकं पडली. म्हैस पाण्यात तोंड घालायची आणि फुरफुरून मान फिरवायची. तुझे दाजी म्हणाले, मेंढरं धुतली असतील कुणी. मेंढरं धुवून मोटरीला भोकं पडतात होय? मी तुला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तू ऐकून घेतलंस. आमचंच ते, असं म्हणालास. एवढं खरं बोलणारा माणूस त्या कारखान्यात कसा टिकला याचं मला अजून नवल वाटतं.

त्या दिवाळीला भाऊबीजेला तू आलास. पाटावर बसलास, डोक्यावर रुमाल टाकलास. मी ताट घेऊन आले आणि तशीच उभी राहिले. ओवाळलं नाही. तू आणलेली साडी बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, “साडी परत ने. आमच्या वड्यात टँकर नको, एवढीच ओवाळणी घाल.” दाजी म्हणाले, अगं, सणाचं पोराला असं ताटकळत ठेवतात का? तू पाटावर बसून राहिलास. निरांजनातलं तेल कमी झालं, मी परत घातलं. शेवटी तू मान वर केलीस. “घातली,” म्हणालास.

आणि खरंच घातलीस की रे. सहज नाही घातलीस. किती दिवस तू घरच्या फ्रीजमध्ये बरण्या ठेवून सुनंदाच्या शिव्या खाल्ल्यास. आप्पासाहेबांच्या टेबलावर ती थंडगार बरणी नेऊन ठेवलीस, तळाला हिरवे खडे बसलेले, आणि वरचं ॲसिड परत वापरता येतं म्हणून सांगितलंस. ते हसले. वरनं नोटिसा यायला लागल्या तेव्हा हसायचे थांबले आणि तुला शेड दिली, टाक्या दिल्या, गार करायचं मशीन दिलं. त्याचा फोटो पेपरात आला. फोटोत तू नव्हतास, फीत कापणारे होते.

मी बघायला आले होते. तू पोरासारखा मला सगळीकडं फिरवत होतास. मळकं ॲसिड टाकीत घ्यायचं, गार करत जायचं. त्यातलं लोखंड हिराकस होऊन तळाला बसतं, खडीसाखरेसारखं, फक्त हिरवं. वरचं ॲसिड काढून घ्यायचं, त्यात थोडं नवं घालायचं, की चाललं परत तारेच्या टाकीत. ज्याचा टँकर भरून वड्यात जायचा ते आता आतल्या आत फिरत होतं. वास असा होता की माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. तू म्हणालास, अक्का रडतीय. मी म्हटलं, तुझ्या ॲसिडला रडतेय, तुला नाही.

वड्यात परत खेकडे आले, दत्ता. पोरं काठी घेऊन दगडाखाली खुपसत बसायची. विहिरीचं पाणी आम्ही परत घरात घ्यायला लागलो. दरवर्षी भाऊबीजेला तू विचारायचास, पाणी कसंय? मी म्हणायचे, हाय तसंच हाय. ‘तुझ्यामुळं गोड झालं’ एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं, पण आपल्या घरात असलं कोण कुणाला बोलतं? तूही कधी बोलला नाहीस. आता बोलते. तुझ्यामुळं गोड झालं होतं.

भांडण मात्र अर्धं ठेवून गेलास, ते मी सोडणार नाही. आमच्या खालच्या पट्टीत चुनखडी. ऊस पिवळा पडतो. दुकानदार म्हणतो हिराकस टाका. आणि तुझ्याकडं हिराकसाचा ढीग पडलेला. मी एक पोतं मागितलं. एक. तू नाही म्हणालास. लोखंडाबरोबर त्यात अजून काय काय उतरलंय ते तपासायला दिलंय, आल्याशिवाय शेतात घालायचं नाही. मी म्हटलं, दुकानातलं कुणी तपासलंय? तू म्हणालास, “दुकानातलं माझ्या हातचं न्हाय.” मी फोन आपटला. पुढं तुझा फोन आला की दाजींना उचलायला लावायचे. पिवळा ऊस दारासमोर आणि भावाकडं ढीग, कुणाला राग येणार नाही? अजूनही सांगते, माझंच बरोबर होतं. तुझा तो तपास आला की नाही, कुणी सांगितलंही नाही मला. तू असतास तर सांगितलं असतंस, आणि मी म्हटलं असतं, बघ, मी सांगत नव्हते? आता हे कुणाशी भांडू?

सकाळच्या पाळीला चहाचा कप हातात घेऊन तू त्या मशीनशेजारच्या खुर्चीत बसलास तो बसलासच. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, ॲसिडनं खाल्लं. जी माणसं तुला इतकी वर्षं येडा म्हणायची, मालकाचं वीजबिल वाढवतोय म्हणायची, तीच मांडवात बसून मान हलवत होती, नोकरीपायी गेला हो. आप्पासाहेब आले आणि तुझ्या पायांशी बसून हमसून हमसून रडले. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. मग मला त्यांचा सरळ राग तरी करता आला असता.

दहावा कऱ्हेच्या घाटावर. मंडप, खुर्च्या, माइक. आधी महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजल्या. अमक्यांच्या वतीनं, तमक्यांच्या वतीनं. प्रत्येकाच्या वेळी काळानं तुझ्यावर नव्यानं घाला घातला. एकानं तुझं नाव दत्ताजी घेतलं, दुसऱ्यानं दशरथ. सुनंदा पदर पुढं ओढून खाली बघत बसली होती, प्राजू तिला चिकटून. मायलेकींना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, सगळे पुढाऱ्यांच्या खुर्च्या पुसण्यात गुंतलेले.

पिंड ठेवले आणि सगळे मागं सरले. समोरच्या लिंबावर कावळे बसलेले, चांगले घोळक्यानं. एक खाली येईना. ऊन चढलं. मग सुरू झालं, जे सगळ्यांच्यात होतं ते. ज्यात जीव अडकलाय ते बोला, म्हणजे शिवतो. चुलतभाऊ पुढं झाला, म्हणाला, प्राजूचं शिक्षण करू. कावळा हलला नाही. मामा म्हणाले, सुनंदाला काही कमी पडू देणार नाही. नाही. कुणी म्हणालं लोणीच्या घराचा वरचा मजला बांधू, कुणी म्हणालं लोणीच्या देवळाला कळस देऊ. तू देवळात कधी गेला होतास रे? पुढाऱ्यांच्या पुढच्या कार्यक्रमाच्या वेळा झाल्या होत्या, ते घड्याळं बघत होते. भटजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ का.

मला राहवलं नाही. बायकांतनं उठले आणि आप्पासाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, “आप्पा, तुमी बोला. त्याचं मन त्या टँकरात अडकलंय.” ते म्हणाले, मी काय बोलू अक्का? मी म्हटलं, काय ते तुमाला ठावं हाय. सगळं गाव त्यांच्याकडं बघायला लागलं. त्यांनी बूट काढले, पुढं गेले, हात जोडले.

“दत्ता, मी हाय तवर तुझा प्लँट बंद पडनार न्हाय. वड्यात ॲसिडचा थेंब जानार न्हाय. शिव बाबा.”

त्यांचं पुरं बोलून व्हायच्या आत तू आलास. सरळ आलास, इकडंतिकडं न बघता, आणि चोच घातलीस. सगळ्या घाटानं सुस्कारा सोडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माइकवरनं महाराजांनी सांगितलं, बघा, पुण्यवान आत्मा, मालकाचा शब्द ऐकला आणि तृप्त झाला. मला तिथंच तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जन्मभर त्या माणसाच्या शब्दावर जगलास. पंप गळायला लागला की पुढच्या महिन्यात नवा देऊ, माणूस कमी पडला की दिवाळीनंतर बघू. तू घरी येऊन सुनंदाला सांगायचास, आप्पासाहेब बोललेत. मेल्यावरसुद्धा आप्पासाहेब बोलले की तुझं झालं? भूक लागली होती का एवढी? अजून थोडा वेळ त्या फांदीवर बसला असतास, उन्हात अनवाणी उभं केलं असतंस त्यांना, चार माणसांत कागदावर घेतलं असतं आम्ही काहीतरी.

तेराव्यानंतर प्लँटला कुलूप लागलं. आधी म्हणाले मशीन दुरुस्तीला गेलंय. मग म्हणाले तुझ्यासारखा माणूस मिळत नाही. मग काही म्हणायचेच बंद झाले. टँकर परत पुलाखाली. पूर्वी अंधारात यायचा, आता भरदुपारी येतो, माणसं जेवून लवंडलेली असतात तेव्हा.

मी गेले कारखान्यावर. आप्पासाहेबांनी ऑफिसात बसवलं, चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. मी विचारलं, घाटावर काय बोलला होतात? त्यांना लाज वाटेल अशी माझी समजूत. ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. अगदी मायेनं म्हणाले, “अक्का, ते कावळ्यापुरतं होतं. शिवला न्हवं? त्याला मोकळं केलं. आता धंदा धंद्यासारखाच करावा लागतो.”

चहा तसाच ठेवून उठले. गावात येऊन सांगितलं तर सगळे त्यांच्याच बाजूचे. अहो अक्का, दहाव्याला सगळेच बोलतात. एकजण म्हणाला, आमच्या आजोबांना विहिरीचं कबूल केलं होतं, कुठंय विहीर? आणि सगळे हसले. आपल्या दोन तालुक्यांतल्या कावळ्यांना जेवढी आश्वासनं मिळालीत तेवढी मतदारांनासुद्धा मिळाली नसतील. मी कधी मनावर घेतलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी दाजी काय बोलले होते ते आता आठवतही नाही.

त्यांनी एक गोष्ट मात्र केली, आणि त्यातच आम्हाला अडकवलं. सुनंदाला कामावर घेतलं. गेटाशेजारच्या ऑफिसात, आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायला. म्हणजे टँकर निघतो तो तुझ्या बायकोच्या डोळ्यांसमोरनं निघतो. पहिल्या दिवशी तिनं मला फोन केला. आवाज असा की मला वाटलं प्राजूला काही झालं. म्हणाली, “अक्का, टँकर निघालाय. विहिरीची मोटर बंद करा.” तेव्हापासून टँकर निघाला की तिचा फोन येतो आणि मी मोटर बंद करते. पाणी वाहून जाईपर्यंत थांबायचं, मग चालू करायची. जसं काही जमिनीतनं झिरपतच नाही. तिलाही कळतं, मलाही कळतं. तरी ती फोन करते आणि मी बटण दाबते. एवढंच आम्हा दोघींच्या हातात उरलंय.

मी तिला सांगितलं होतं, मी तक्रार करणार, नाव घालून करणार, आणि टँकर पकडून देणार. पकडून दिला तर कुणी सांगितलं हे कळायला त्यांना काही वेळ लागणार नाही. मग तिची नोकरी जाईल, राहते ती आप्पासाहेबांचीच भाड्याची खोली, तीही जाईल. ती म्हणाली, “प्राजूची धावीची परीक्षा होऊ द्या, अक्का.” मला संताप आला. वाटलं, ही पण त्यातलीच, हिचंही ‘दिवाळीनंतर बघू’ सुरू झालं. पण काय बोलणार? पोरीचं वर्ष माझ्या विहिरीपायी घालवू? तक्रार तशीच ठेवली. मनात मात्र तिच्या नावानं चार शिव्या घातल्या, तुझ्याही नावानं घातल्या. वड्याकडेचा ऊस परत शेंड्याला करपलाय. खेकडे मेले. पोरं काठ्या घेऊन आली होती, नाकाला हात लावून परत गेली.

म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याशी भांडल्याशिवाय दुपार सरत नाही आणि फोन लावायला तू नाहीस. खरं सांगू का, तुझ्या फ्लेक्सच्या शेजारी अजून एक फ्लेक्स लावावासा वाटतो, की दत्ता, लबाड आहेत हे सगळे, परत शिवू नकोस कुणाच्या शब्दाला. दाजी म्हणतात, वाचणार कोण?

आत्ता हे लिहितानाच फोन वाजला. सुनंदाचं नाव बघितलं आणि मी मोटरीकडं जायला उठले. ती म्हणाली, “मोटर राहू द्या. टँकर निघालाय, आता पेट्रोल पंपावर थांबलाय. मी स्कूटीवर मागंच हाय.” मला काही सुधरेना. आज वार कुठला, काय. मग आठवलं, आज प्राजूचा शेवटचा पेपर होता. मी विचारलं, आणि नोकरी? खोली? तिकडं गाड्यांचे आवाज, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. म्हणाली, “तुमी दाजींना घेऊन पुलावर या. गावातलं येईल तेवढं माणूस आणा. मी येईपर्यंत पाइप सोडू देऊ नका.”

घाटावर सगळी बोलली, दत्ता. सुनंदा एक अक्षर बोलली नव्हती. दाजी दारात गाडी काढून हॉर्न वाजवतायत. निघते.